गाळलेले निरोप

माणूस तुम्ही मारलात, संचालकसाहेब. आणि आता बंद दाराआड पाण्याचे ग्लास मांडून विचारताय, की सिस्टरचं लक्ष कुठे होतं. मी दाराबाहेरच्या बाकावर बसलोय. मला अजून आत बोलावलेलं नाही, म्हणून हे मनातल्या मनात चाललंय, नाहीतर केव्हाच तुमच्या तोंडावर बोलून मोकळा झालो असतो. तुमच्या हाताला रक्त लागलेलं नाही हे मला माहीत आहे. तुमच्यासारख्यांच्या हाताला काहीच लागत नाही. तुम्ही तोंडाने सांगता, दुसरा कुणीतरी ते करतो, आणि निस्तरायची वेळ आली की तिसऱ्याच कुणाचं तरी मानगूट धरता. या वेळी ते मानगूट माझ्या वहिनीचं आहे. चौथ्या मजल्यावरच्या हृदयाच्या वॉर्डातली सिस्टर. तुम्हाला तिचं नाव चौकशीच्या आदल्या दिवसापर्यंत माहीतही नसेल.

सकाळी बेल वाजली तेव्हा मी दाढी करत होतो. अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून दार उघडलं, तर वहिनी. ती फोनवर बोलते, दारात येत नाही. हातात कापडी पिशवी. आत या म्हटलं तर नको म्हणाली, चहा घ्या म्हटलं तर नको म्हणाली. पिशवी पुढे केली. "हे तेवढं लाँड्रीत परत द्या, भाऊजी. दोन जोड आहेत. मला गेटवर आत सोडत नाहीत." पिशवीत तिचे युनिफॉर्म होते, घडी घातलेले, कडक इस्त्रीचे. मी म्हटलं, "इस्त्री कशाला केलीत वहिनी? ते लोक धुणारच आहेत परत." ती म्हणाली, "चुरगळलेले दिले तर म्हणतील, हिचं कशातच लक्ष नव्हतं." आणि हसली. मला हसता आलं नाही. फेस वाळून गाल ओढला जात होता. मग तिने सांगितलं की संध्याकाळपर्यंत ती लिहून देणार आहे, चूक आपली होती, लक्ष नव्हतं. तसं दिलं तर तुम्ही लोक राजीनाम्यावर मिटवणार. नाही दिलं तर नर्सिंग कौन्सिलला कळवणार, म्हणजे परवाना जाणार, म्हणजे पुन्हा कुठल्याच हॉस्पिटलात पाय ठेवता येणार नाही. "म्हणून तुम्ही आत काही बोलू नका. माझं मिटतंय ते मिटू दे." एवढं बोलून ती जिना उतरायला लागली आणि दोन पायऱ्यांवर थांबली. मागे न बघता म्हणाली, "हे काय म्हणतात सांगू? हे म्हणतात, त्याच्या तारांनी माणूस मारला, आणि फास माझ्या बायकोच्या गळ्यात."

मी दार लावून घेतलं आणि उरलेली दाढी करायला आरशासमोर उभा राहिलो, पण शेवटी फेस तसाच धुऊन टाकला. 'हे' म्हणजे माझा मोठा भाऊ. त्याने ते म्हटलं याचं मला काही वाटलं नाही. तो असलंच बोलतो. मी हादरलो ते वेगळ्याच गोष्टीने: तिने ते वाक्य जसंच्या तसं आणून दिलं होतं. बाबा गेल्यापासून मी आणि भाऊ एकमेकांशी बोललेलो नाही. त्याला बाबांना घरी न्यायचं होतं, मला हॉस्पिटलात ठेवायचं होतं, मी ठेवलं, आणि बाबा नळ्यांच्या गर्दीत गेले. त्यानंतर आम्ही समोरासमोर आलो की तेच बोलायचो. तो एक वाक्य टाकायचा, मी दुसरं, त्यावर तो परत पहिलंच, जरा मोठ्याने. तेराव्या-चौदाव्या फेरीला शब्द ओळखू येत नसत, नुसता आवाज उरे. शेवटी आम्ही ती वाट बंद केली. कुणी जाहीर केलं नाही, झाली. मग जे काही असेल ते वहिनीमार्फत. भाऊ म्हणे, "म्हाताऱ्याचा चष्मा नेऊन टाक म्हणावं, इथे धूळ खातोय." माझ्यापर्यंत यायचं ते असं: "बाबांचा चष्मा तुमच्याकडे असावा असं ह्यांना वाटतं." मी म्हणे, "त्याला सांगा, जिवंत असताना विचारलं नाहीस ते आता नाटक नको." तिकडे काय पोचलं असेल देव जाणे. पोचलं असेल, "भाऊजी आभार मानत होते." तिने वर्षानुवर्षं दोन्हीकडचं विष गाळलं आणि उरलेलं पाणी दोघांना पाजलं. भांडण नव्हतं म्हणजे प्रेम होतं असं नाही, पण भावाच्या पोरीचा ताप मला कळत होता आणि माझी बढती हुकली ते त्याला कळत होतं. आज सकाळी ती गाळणी फाटली. माझ्या धंद्यातल्या माणसाला यापेक्षा मोठी भीती नाही. माझा धंदा म्हणजे कोण कुणाला काय पोचवतो, आणि काय पोचवत नाही, हे बघत बसणं.

लाँड्री हॉस्पिटलच्याच तळघरात, मी जिथून इथलं नेटवर्क सांभाळतो त्या खोलीच्या शेजारी. लाँड्रीवाला सगळ्यांना ओळखतो, कपड्यांच्या नंबरावरून. पिशवी उघडून त्याने कॉलर उलटी केली. "चौथ्या मजल्यावरच्या सिस्टर. सुट्टीवर आहेत ना?" मी म्हटलं, हो, सुट्टीवर. "मग परत कशाला करताय?" त्याने घडी पुन्हा घातली, आमच्या घरी कुणी घालणार नाही इतकी नीट. "हे बघा, जमा केले की नंबर मोकळा होतो. नंबर मोकळा झाला की त्यावर दुसरं कुणी येतं. इथे माणसाला लवकर विसरतात, नंबर लवकर भरतात. मी हे माझ्या कपाटात ठेवतो. तुम्ही आलाच नव्हतात." मी म्हटलं, तुम्हाला बोलणी बसतील. तो म्हणाला, "मला? मला कोण बोलतंय. बोलायला आधी खाली यावं लागतं." साहेब, तुम्ही खरंच कधी खाली आलेले नाहीत. एकदाही नाही. नाहीतर तुम्हाला दाखवलं असतं.

दाखवलं असतं म्हणजे काय, तर दिवे. हॉस्पिटलच्या प्रत्येक मजल्यावर स्विच आहेत, तारा खुपसलेले लोखंडी डबे. एक तार तुटली तर काम अडू नये म्हणून त्यांच्यात जास्तीच्या तारा टाकलेल्या असतात. जास्तीची तार ही सोय, आणि तोच धोका. दोन वाटा टोकाला जुळल्या की गोल पडतो, आणि गोलात शिरलेला सगळ्यांसाठीचा निरोप कधी बाहेर पडत नाही. फिरत राहतो, फिरताना त्याच्या प्रती निघतात, प्रतींच्या प्रती निघतात, आणि बघता बघता सगळ्या तारा त्या एकाच बडबडीने तुडुंब भरतात. कामाचा निरोप दारातच गुदमरतो. म्हणून हे डबे एकमेकांशी अखंड बोलत असतात. मी अमका, आपल्यातला थोरला मी तमक्याला मानतो, त्याच्यापासून मी इतका लांब आहे. सगळ्यांचं थोरल्यावर एकमत झालं की त्याच्याकडे जाणारी एकेक वाट उघडी ठेवून बाकीच्या वाटा ते आपणहून मिटून घेतात. तार असते, पण तिच्यावरून कुणी जात नाही. उघडी वाट तुटली तर मिटलेली उघडतात. याला आमच्यात स्पॅनिंग ट्री म्हणतात. माणसांना हे जमत नाही ते डब्यांना जमतं, म्हणून मी या कामात रमलो. मला कुणी शिकवलं नाही. मी टाकाऊ डबे घरी नेऊन शिकलो, त्या वेळी बाबा विचारायचे, "हे एकमेकांशी काय बोलतात रे?" मी सांगायचो, "तुम्ही मोठे, असं म्हणतात." त्यांना ते फार आवडायचं.

चौथ्या मजल्यावर नवी व्यवस्था आली तेव्हा एक गोष्ट बदलली. पलंगाशेजारच्या मॉनिटरांचे आकडे आधी थेट तारेने सिस्टरच्या टेबलावर यायचे. आता ते एका सर्व्हरमधून यायला लागले. त्या सर्व्हरच्या पोटात दहा-बारा यंत्रं आहेत असा देखावा असतो, काम मात्र खरं. आणि त्या आतल्या यंत्रांना बाहेरच्या तारांशी जोडतो एक ब्रिज, जो कुठेच नाही. लोखंड नाही, दिवा नाही, नुसता प्रोग्रॅम. सॉफ्टवेअरचा ब्रिज. तोही डब्यांची ती बोली बोलायचा, पण जुनी. बाहेरचे नवे स्विच झटपट बोलणारे. दोघांचं जमतं, जमावं अशीच ती बोली बनवलेली आहे: नव्याला जुना भेटला की नवा त्या एका दारापुरती आपली चाल कमी करतो. आपण म्हाताऱ्या माणसाबरोबर रस्ता ओलांडताना करतो तशी. सर्व्हर बंद करून चालू केला की आधी नुसतं ऐकायचं, मग कोण कुठे आहे ते शिकायचं, आणि मग दार उघडायचं. त्यात अर्धं मिनिट जातं. एवढाच काय तो दोष. अर्धं मिनिट पडदा काळा. काळा पडदा बघून सिस्टर उठते, खोल्यांतून फिरून येते, तोवर चित्र येतं. काळा पडदा खोटं बोलत नाही हो.

पण तुमच्या उद्घाटनाला ते अर्धं मिनिट आडवं आलं. पाहुणे उभे, कॅमेरे उभे, तुम्ही बटण दाबलंत आणि काहीच झालं नाही. कुणीतरी खोकलं. तुमच्या मानेवर घाम आलेला मी मागून बघत होतो, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. मग चित्र आलं, टाळ्या पडल्या, पण तुमचा चेहरा आला नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला केबिनमध्ये बोलावलंत. तिथे कंत्राटदाराचा माणूस आधीच बसला होता. आम्ही त्याला 'होऊन जाईल' म्हणतो, कारण तो तेवढंच बोलतो. तुम्ही म्हणालात, "अर्धं मिनिट काळा पडदा. पाहुण्यांसमोर. काय आहे हे?"

"दार उघडण्याआधी स्विच खात्री करून घेतो, साहेब."

"कसली?"

"कुठे गोल तर पडत नाही ना, याची."

"पडलाय का कधी?"

"नाही पडलेला."

"मग?"

त्या 'मग'वर मी काय बोलायचं होतं? पडलेला नाही, कारण खात्री करून घेतो. हे मी बोललो. तुम्ही होऊन-जाईलकडे बघितलंत. तो म्हणाला, ब्रिजची ती बडबड बंद करू, बाहेरच्यांचे निरोप आत यायच्या आधी फिल्टरने गाळून टाकू, दार लगेच उघडेल, होऊन जाईल. मी म्हटलं, निरोप गाळले तर पुढेमागे आत कुणी गोल केला तर कुणाला कळणारच नाही, स्विच आंधळा होईल. तुम्ही हसलात. "तुम्ही नाटकाला गेलात तरी आधी आगीचं दार शोधत असाल." होऊन-जाईलही हसला. मी म्हटलं, "हो, शोधतो." त्यावर तुम्ही फोन उचललात, म्हणजे मी जावं. मी हात लावणार नाही म्हणून सांगून बाहेर पडलो. फिल्टर होऊन-जाईलच्या माणसाने लावला, त्याच दुपारी. आणि पुढच्या महिन्यात तुम्ही नवा नियम काढलात: दुपारी रुग्णांची झोपमोड होते, खोल्यांतल्या मॉनिटरांचा आवाज कमी ठेवावा, टेबलावरचा पडदा पुरेसा आहे. पुरेसा. हा शब्द तुमचा.

कोपऱ्यातल्या खोलीत एक निवृत्त बस ड्रायव्हर होता. वहिनीने मला फोनवर सांगितलेलं, कारण तो तिला हसवायचा. "सिस्टर, गाडी चढावर धापा टाकते, उतारावर ब्रेक लागत नाहीत, आता भंगारात काढा." ती म्हणायची, "अजून एक पासिंग होईल काका." त्या दुपारी तिने त्याची उशी सारखी केली, दार लोटून घेतलं आणि टेबलाशी येऊन गोळ्यांचे ट्रे भरायला बसली. त्याच वेळी होऊन-जाईलचा माणूस, कुठून तरी दुरून, सर्व्हरच्या पोटात एक नवं यंत्र उभं करत होता. आकडे साठवून ठेवणारं. त्याने त्याला दोन तोंडं दिली, एक वॉर्डाच्या वाटेवर, एक साठवणीच्या वाटेवर, आणि आतून दोन्ही जोडून टाकली. गोल पूर्ण झाला. बाहेरच्या स्विचचा निरोप फिरून त्याच्याच कानावर आला असता तर त्याने डोळ्याचं पातं लवायच्या आत एक दार मिटलं असतं. निरोप आला नाही. तो दारात गाळला गेला, तुम्ही सांगितलं होतं तसा. मी तळघरात जेवायचा डबा उघडत होतो आणि समोरच्या डब्यांवरचे दिवे एकदम एका तालात लुकलुकायला लागले. एरवी ते पावसाच्या थेंबांसारखे पडतात, कुणाचा मेळ कुणाशी नसतो. आता सगळे एकदम. मी वर फोन लावला, फोन मुका. फोनही त्याच तारांवरून जातात. मी हाताने तारा उपटायला लागलो, एकेक करत, आणि शेवटी दिवे पुन्हा विस्कळीत झाले. मग जिन्याने वर पळालो. चौथ्या मजल्यावर पोचलो तेव्हा कोपऱ्यातल्या खोलीचं दार सताड उघडं होतं, आणि एक डॉक्टर गुडघ्यावर पलंगावर चढून त्या ड्रायव्हरची छाती दाबत होता. वहिनी बाजूला उभी होती. तिच्या हातात गोळ्यांचा रिकामा ट्रे होता आणि तो ती खाली ठेवत नव्हती.

पडदा काळा झाला नव्हता. हीच ती गोष्ट. पडदा थांबला होता. शेवटचं चित्र धरून बसला होता. बहात्तर, आणि खाली हृदयाची लाट, सुंदर काढलेली, जिवंत माणसाची. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ टेबलावरच्या संगणकाचं स्वतःचं, म्हणून ते चालत होतं. मिनिटं पुढे सरकत होती आणि एका मेलेल्या माणसाचे ठोके बहात्तर पडत होते. मी तारा उपटल्यावर चित्र सुटलं, तेव्हा कुठे ती धावली. खोलीतलं यंत्र ओरडत होतं म्हणे. हळू आवाजात, नियमाप्रमाणे, लोटलेल्या दाराआड. नंतर जिन्यात वहिनी मला एकच वाक्य म्हणाली, पुन्हा पुन्हा. "मी बघत होते भाऊजी. मी सारखी बघत होते. तेच तर."

बाकाच्या समोरच्या भिंतीकडे मी किती वेळ बघतोय कोण जाणे. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी खिशातला रुमाल काढून तळहात पुसले. वहिनीने गप्प बसायला सांगितलंय. गप्प बसलो तर राजीनामा, आणि कुठल्या तरी लहान दवाखान्यात इंजेक्शनं देत ती जगेल. बोललो तर तुम्ही कौन्सिलला कळवणार, धमकी तुम्हीच दिलीय, आणि वर म्हणणार की दिराची साक्ष, त्याला काय अर्थ. तिच्यासाठी खरं बोलायला इथे एकच माणूस आहे, आणि तो नात्यातला आहे म्हणून त्याची वाट आधीच मिटलेली. वा. हेसुद्धा एक फिल्टरच. आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं ते या विचाराने, की गाळणं मलाही आवडायचं. तिने गाळून दिलेल्या भावावर मी इतकी वर्षं सुखाने जगलो. मला खरा भाऊ नकोच होता. तुम्हाला काळा पडदा नको होता, मला त्याचा आवाज नको होता. फरक एवढाच की माझ्या गाळण्याने कुणी मेलं नाही. की आज सकाळी जिन्यात कुणीतरी मेलंच?

फोन थरथरला. भावाचा नंबर. तो नंबर माझ्या फोनमध्ये आहे हेही मी विसरलो होतो. उचलला आणि बोललो नाही. तोही बोलला नाही. त्याच्यामागे दुकानातला एखादा फ्रिज घुरघुरत होता, तो फ्रिज दुरुस्त करतो. मग तो म्हणाला, "आहेस ना?"

"आहे."

"आत गेलास?"

"नाही अजून."

"तिने गप्प बसायला सांगितलंय ना तुला?"

"हो."

"बसणार आहेस?"

"माहीत नाही."

तो खाकरला. "ती टीव्ही लावत नाही. बंद टीव्हीसमोर बसते. काल मला म्हणाली, चित्र थांबलंय का बघा हो जरा. बंद टीव्हीचं." फ्रिज घुरघुरायचा थांबला. "ऐकतोस ना?"

"तू म्हणालास, माझ्या तारांनी माणूस मारला."

"तिने सांगितलं?"

"जसंच्या तसं."

तो म्हणाला, "म्हणजे खरंच संपलीय रे ती." त्याचा आवाज बाबांसारखा झाला होता, शेवटी शेवटी व्हायचा तसा. "तू बोल. तिने ते लिहून दिलं, की माझं लक्ष नव्हतं, तर उद्यापासून ती तेच खरं मानायला लागेल. ओळखतो मी तिला. परवाना जातोय तर जाऊ दे. घरात बसून चिडलेली बायको चालेल मला. ही नको."

"ती माझ्याशी पुन्हा बोलणार नाही."

"मग नका बोलू एकमेकांशी. मी सांगेन इकडचं तिकडे." पुढे म्हणाला, "मी गाळत बसणार नाही पण, आधीच सांगून ठेवतो. तिने शिवी दिली तर शिवी पोचेल." माझ्या घशातून कसलासा आवाज निघाला, हसण्याच्या जवळपासचा. मी म्हटलं, चालेल. आणि बाबांबद्दल म्हणायला तोंड उघडलं, तर तो म्हणाला, "आत्ता नको. ते पुन्हा. आत जा." तेवढ्यात दार उघडून शिपायाने मला खूण केली.

आत तुम्ही मध्ये. डावीकडे वकीलबाई, उजवीकडे डोळे चोळणारे मोठे डॉक्टर. मला खुर्ची दाखवलीत, मी बसलो. वकीलबाईंनी पहिलाच प्रश्न टाकला: सिस्टरशी तुमचं नातं? मी सांगितलं, वहिनी. त्यांनी तुमच्याकडे बघितलं आणि पेन खाली ठेवलं. पेन ठेवलं त्याअर्थी पुढचं ऐकायचं नव्हतं. मी तरी सांगितलं. ब्रिज सांगितला, गोल सांगितला, फिल्टर सांगितला, काळा पडदा आणि थांबलेला पडदा यातला फरक सांगितला. डॉक्टरांनी डोळे चोळायचं थांबवलं. वकीलबाई म्हणाल्या, फिल्टर लावा असं कुणी सांगितलं? मी तुमच्याकडे बोट केलं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "तांत्रिक निर्णय तांत्रिक लोक घेतात. मी असं काही म्हटल्याचं मला आठवत नाही." मग माझ्याकडे न बघता, जवळजवळ प्रेमाने, "तुमची मनःस्थिती आम्ही समजू शकतो. घरचा प्रश्न आहे. पण मूळ मुद्दा असा, की सिस्टर पडद्यासमोर बसली होती आणि तिने बघितलं नाही. तुम्ही जाऊ शकता."

मी उठलो नाही. शिपाई दारात आला, तरी उठलो नाही. मूळ मुद्दा ना? चला, मूळ मुद्द्यावर बोलू. फिल्टर सोडा, कंत्राटदार सोडा, तुम्हाला आठवत नाही तेही सोडा. ती दुपार आहे. वॉर्ड झोपलाय. तुमच्याच नियमाने खोल्यांतले आवाज बारीक आहेत, आणि तुमच्याच शब्दांत समोरचा पडदा पुरेसा आहे. आता तिच्या खुर्चीत तुम्ही बसा. पडद्यावर बहात्तर आहे. लाट आहे. घड्याळ चालतंय. तुम्ही बघताय, तिच्यासारखं सारखं बघताय. मला एवढंच सांगा साहेब, आणि सांगितल्याशिवाय मी इथून हलणार नाही: तुम्हाला त्यात काय दिसलं असतं?